पोरं प्रचाराला गेली, तर कोणाच्या कामाला गेली?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा विषय सकाळी झाला. जड विषय सकाळी घ्यायचा आणि जेवणानंतर डोळे मिटायला लागले की हलका विषय काढायचा, अशी आपल्या बैठकांची जुनी रीत आहे. आमच्या वाट्याला आलेला विषय कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी छापला आहे: 'कॉलेजची मुले आणि स्थानिक निवडणुकांचा प्रचार'. हा विषय हलका आहे असे ज्याने ठरवले त्याच्या घरी कॉलेजात जाणारे पोर नसावे.

एक प्रसंग सांगतो. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी तो घडलेला आहे, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. दिवाळी झालेली. वावर पांढरे झालेले. वेचायला बाई मिळत नाही, मिळाली तर किलोचा दर ऐकून पोटात गोळा येतो. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा सुटीत घरी आलेला. बाप म्हणतो, चाल बाबा, दोन दिवस वावरात हातभार लाव. पोरगा गाडी सुरू करता करता म्हणतो, "मले नाही जमत. भाऊच्या प्रचाराले जायाचं हाय."

"काय देते तुहा भाऊ?"

"पाचशे रुपये, पेट्रोल अन् रातचं जेवण."

रातच्या जेवणात जेवणाशिवाय काय असते ते पोरगा सांगत नाही आणि बाप विचारत नाही. पाचशेचा आकडा ऐकून बाप गप्प होतो. दिवसभर कंबर वाकवून वेचणी केली तरी तेवढे सुटत नाहीत. माय तेवढी ओसरीवरून म्हणते, "रातच्याले लवकर ये रे बाबा." तिला काही तरी कळलेले असते.

बापाचा हिशेब इथे चुकतो, असे आमचे म्हणणे आहे.

आपण हिशेब करायला शिकलेली माणसे आहोत. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी, वाहतूक, आणि ज्याची कोणी किंमत धरत नाही ती घरच्या माणसांची मजुरी, सगळे मांडून क्विंटलभर कापूस कितीला पडतो हे आपण सांगू शकतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, तेव्हा त्यात घर कसे भागत नाही हे सांगायला आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. मग तोच हिशेब पोराला लावून पाहा. पहिलीपासून बी.ए.पर्यंत त्याच्यावर काय लागले? फी, एसटीचा पास, गावाला गाडी येत नाही म्हणून घेतलेली खोली, मेसचे पैसे, वह्या, आणि आता हातातला मोबाईल. त्यात त्याने वावरात न केलेल्या कामाची मजुरी धरा. मायने स्वतःला लुगडे न घेता काढलेली वर्षे धरा, धरता आली तर. एवढ्या उत्पादन खर्चाचा माल आणि तो पाचशे रुपये रोजाने जातो! आपला कापूस असा कोणी मागितला असता तर आपण बंडी माघारी घेतली असती.

आणि हा भाव तरी कशाचा? पोराच्या अकलेचा नाही. त्याने तीन वर्षे इतिहास, राज्यशास्त्र, हिशेबनीस काय शिकले, हे भाऊला नको आहे. भाऊला हवी आहे मोटरसायकलवरची एक जागा भरलेली, घोषणा देणारा एक घसा, आणि वेळ आलीच तर समोरच्या पॅनेलच्या अंगावर जाणारे दोन हात.

गुन्हा दाखल झाला की

त्या दोन हातांविषयी बोलले पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनेलच्या मिरवणुका एकाच बोळीत समोरासमोर आल्या. कोणी आधी हात उचलला हे आजही दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. डोकी फुटली, दोन गाड्या जळाल्या. फिर्यादीत जी नावे गेली त्यात एक पोरगा असा होता की जो शेवटच्या गाडीवर झेंडा धरून बसला होता. त्याने दगडही उचलला नाही. कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तो दिसला, एवढेच.

कायदा असा आहे की पाच किंवा जास्त माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि त्या जमावाच्या समान उद्देशाने गुन्हा घडला, तर जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जातो. पूर्वी भारतीय दंडविधानाची १४३, १४७, १४९ ही कलमे लागत. आंदोलनात ती आमच्याही अंगावर बसली आहेत, म्हणून पाठ आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे १८९, १९१ आणि १९० झाले. आकडे बदलले, फास तोच. पोरगा पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत पुढे होता. चारित्र्य पडताळणीचा कागद आला आणि त्यात प्रलंबित गुन्हा लिहावा लागला. खटला चालू आहे. तारखेला जायला एसटीचे भाडे बापाच्या खिशातून जाते. ज्या भाऊचा झेंडा त्याने धरला होता तो निवडून आला. पहिल्या तारखेला वकील दिला, दुसऱ्या तारखेला फोन उचलला, तिसऱ्या तारखेला भाऊ मुंबईला होते.

आम्ही आंदोलनात तुरुंगात गेलो ते ठरवून गेलो. कशासाठी जातो हे माहीत होते, घरी सांगून गेलो होतो. तो पोरगा मात्र जेवणासाठी गेला होता.

आमचीही चूक

हे सगळे दुसऱ्यांच्या नावाने बोलून आम्ही मोकळे झालो असतो, पण मागे बसलेल्यांपैकी काही जण आम्हाला १९९२ पासून ओळखतात. तेव्हा जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ नंतर पहिल्यांदा होत होत्या. तेरा वर्षे लोकांनी मत दिलेले नव्हते. १९८९ मध्ये घटनेतल्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आलेले. कॉलेजची पोरं उसळून आमच्याकडे आली. पैसा मागत नव्हती. भाकरी बांधून घेऊन यायची. आम्ही काय केले त्यांचे? डबा आणि गेरू हातात दिला आणि भिंती रंगवायला पाठवले. महिनाभर त्यांनी भिंती रंगवल्या, सतरंज्या अंथरल्या, सभा संपल्यावर घड्या घातल्या. मंचावर काय बोलायचे ते आम्ही ठरवत होतो आणि त्यांना एकदाही विचारले नाही. निकाल लागला, आम्ही आमच्या कामाला लागलो. त्यातल्या एकाचे वर्ष वाया गेले हे आम्हाला पुढच्या पोळ्याला कळले, तेही त्याच्या मामाकडून. पोरं फुकट राबली म्हणून आमचे वागणे स्वच्छ झाले असे होत नाही. भाऊने विकत घेऊन वापरले, आम्ही फुकट वापरले.

म्हणून आज कोणी उठून 'पोरांनी राजकारणात पडूच नये, अभ्यास करावा' असा ठराव मांडला तर आम्ही त्याला विरोध करू. सकाळी एका गुरुजींनी तसे बोलूनही दाखवले. गुरुजींचा मान ठेवून सांगतो, पोरं राजकारणाबाहेर राहात नाहीत. तुम्ही पुढच्या दाराने मनाई केली की ती मागच्या दाराने जातात, आणि मागच्या दाराला भाऊचाच माणूस उभा असतो. शिवाय काही ठिकाणी दार उघडून देणारी संस्थाच असते. जिचा अध्यक्ष उमेदवार आहे त्या संस्थेच्या गाड्या भरून पोरं सभेला जातात आणि हजेरी वर्गात लागते. प्रॅक्टिकलचे मार्क ज्याच्या हातात, त्याच्यापुढे एकोणीस वर्षांच्या पोराने 'मी येत नाही' म्हणावे अशी अपेक्षा आपण कशी करणार? आपण तरी पतसंस्थेच्या चेअरमनपुढे म्हणतो का?

तालीम कुठे घ्यावी?

पोरांना निवडणुकीची तालीम मिळायची एक जागा होती, ती आपण बंद केली. कॉलेजात थेट निवडणुका व्हायच्या. त्यात मारामाऱ्या झाल्या, खूनही झाले, हे खरे. त्यावर उपाय म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकाच काढून टाकल्या आणि ज्याला मार्क जास्त तो वर्गाचा प्रतिनिधी, अशी पद्धत आणली. मार्क जास्त मिळवणारा पोरगा हुशार असेल, पण दहा जणांना पटवून मत मिळवणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसणे, हे मार्कांनी येत नाही. २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू करायला सांगितल्या. त्यात एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये होती, छापील पोस्टरला मनाई होती. २०१६ च्या नव्या कायद्यात महाराष्ट्राने निवडणुका परत आणायची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या.

इकडे गावातही तेच. २०१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. जो पोरगा २०१८ मध्ये अठरा वर्षांचा झाला, तो तेव्हा पंचविशीत आला होता आणि अशा जिल्ह्यात त्याने जिल्हा परिषदेला एकदाही मत दिलेले नव्हते. त्याने मत देण्याआधी गाडीवर बसायचे शिकले, यात नवल काय?

विद्यार्थी काय करू शकतात हे देशाने पाहिलेले आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात मेसचे बिल वाढले. पोरं चिडली. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या बिलापासून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत दोन महिने! पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९० मध्ये तेच चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले. आसामात त्याच्याही पुढची पायरी गाठली. १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला, डिसेंबरात निवडणूक झाली, आणि विद्यार्थी संघटनेचे प्रफुल्लकुमार महंत तेहतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पाच वर्षांत ते सरकार बरखास्त झाले. या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्यातल्या काहींना अजून वाटते की पोरं एकदा पेटली की काम फत्ते. पेट घ्यायला वेळ लागत नाही. नंतरच्या पाच वर्षांत दप्तर कोण वाचतो, इथे घोडे अडते.

काम आहे ते यादीत

मग पोरांनी प्रचारात करायचे काय? आमच्या डोळ्यांसमोर जे आहे ते सांगतो. त्यात झेंडा नाही.

पहिले काम मतदार यादीचे. स्थानिक निवडणुकीला वेगळी यादी तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरवलेल्या तारखेला घेतो आणि ती गट, गण, प्रभाग याप्रमाणे फोडतो. फोडताना वस्तीच्या वस्ती शेजारच्या प्रभागात जाऊन पडते. मेलेली माणसे यादीत जिवंत असतात आणि लग्न होऊन आलेली सून नसते. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकतींना थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत आपण तुरीच्या फवारणीत असतो. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडण होते की माझे नाव कुठे गेले. तेव्हा ब्रह्मदेव आला तरी नाव घालता येत नाही. हे काम शिकलेल्या पोरांचे आहे. यादी हातात घ्यायची, घरोघर जायचे, वाचून दाखवायची. एका गावाला चार पोरं आणि दोन रविवार पुरतात.

यात त्यांचे स्वतःचेही काम आहे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असले तरच त्या वर्षी नाव लागे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज, म्हणजे नमुना ६, भरून ठेवता येतो. वसतिगृहात राहणाऱ्याला नाव गावी ठेवायचे की कॉलेजच्या ठिकाणी, हे निवडता येते. दोन्हीकडे मात्र ठेवता येत नाही. आम्ही सांगू, गावी ठेवा. तालुक्याच्या गावात तुमच्या एका मताला कोणी विचारत नाही. आपल्या प्रभागात पाच-दहा मतांनी माणूस पडतो.

शेजारच्या मराठवाड्यातून आलेल्या भावांनी चहाच्या वेळी एक गोष्ट सांगितली, ती इथेच सांगून टाकतो. बीडकडची ऊसतोडीला गेलेली माणसे निवडणुकीला गाड्या करून आणतात. गाडी ज्याची, मत त्याचे, असा समज. या माणसांना कोणी आधी सांगत नाही की मत गुप्त आहे, गाडीत बसलो म्हणून बांधलो गेलो असे नाही. त्यांचीच कॉलेजातली पोरं मागे गावात आजीजवळ असतात. त्यांनी फोनवर एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

दुसरे काम खर्चाच्या वहीचे. ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या आपल्या किती माणसांना माहीत आहे की निवडणुकीचा खर्च विहित मुदतीत सादर केला नाही, तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात? निवडून आलेल्याचे पद जाते आणि पडलेल्याची पुढची निवडणूक जाते. माणूस लबाड नसतो, त्याने वहीच ठेवलेली नसते. आणि ज्याने पोरांना पाचशे रुपये रोज वाटले तो ते वहीत लिहूच शकत नाही, कारण लिहिले तर मर्यादा फुटते. बी.कॉम.च्या पोराने रोज संध्याकाळी उमेदवाराजवळ बसावे आणि 'आज काय गेले?' म्हणून विचारावे. रोज हा प्रश्न ऐकावा लागला की उमेदवाराचा हात आपोआप आखडतो. आमचा अनुभव आहे. घरी बायको हेच करते.

उमेदवार बाई आणि कॉलेजची पोरगी

तिसऱ्या कामावर आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत, कारण मायबहिणी इथे आहेत आणि हे पोरांचे काम नाही, पोरींचे आहे.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे आपल्या गटात, आपल्या गावात, दर दोन उमेदवारांत एक बाई. प्रचाराच्या पत्रकावर मात्र काय छापतात? बाईचा फोटो लहान, नवऱ्याचा मोठा, आणि नेत्यांचे त्याहून मोठे. घरोघर फिरताना बाई हात जोडून उभी राहते आणि बोलतो नवरा. निवडून आल्यावर सभेला जातो तोच, सही तेवढी तिची. आपल्या संघटनेतही असे झाले आहे. नाव घेत नाही, ते समोरच बसले आहेत.

एका गावात आम्ही वेगळे पाहिले. सरपंचपदाला उभी राहिलेली बाई सातवी शिकलेली होती. आता थेट सरपंच निवडीत १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सातवीची अट आहे, तेवढी ती पुरी करत होती. तिच्या जावेची मुलगी बी.एस्सी.ला. तिने पंधरा दिवस रात्री जेवणानंतर काकूला घेऊन ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचला. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा येत होता त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच खर्च करावा लागत होता, उरलेला ४० टक्के गावाच्या आराखड्याप्रमाणे, हे काकूला कळले तेव्हा ती म्हणाली, "मंग नळाच्या टाकीले पैसे नाही असं पाच वर्षं काहून सांगून राहिले?" हाच प्रश्न तिने दुसऱ्या दिवशी चावडीसमोर विचारला. नवरा बाजूला उभा होता. त्याला मधे बोलायला जागाच मिळाली नाही, कारण त्याला ते माहीत नव्हते.

ती बाई सतरा मतांनी पडली. आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक उमेदवाराला निवडून आणतात. ती पडली. पण पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी विचारायला नऊ बाया होत्या. बी.एस्सी.ची पोरगी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. तिच्या बापाला एक जण म्हणाला, पोरगी फार पुढे पुढे करते, लग्नाला अडचण येईल. बापाने काय उत्तर दिले ते व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

पोरींना प्रचाराला पाठवायचे म्हणजे रात्री-अपरात्रीचा प्रश्न येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण हे काम रात्रीच्या गाडीवरचे नाहीच. ते काकूच्या ओसरीवरचे आहे.

कोणाला काय विचारायचे

आता एक कानपिचकी, आपल्याला आणि पोरांनाही. जिल्हा परिषदेच्या प्रचारात उमेदवार उठतो आणि म्हणतो, कापसाला भाव मिळवून देतो. आपण टाळ्या वाजवतो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, पुढे ती सूट वर्षाच्या अखेरपर्यंत वाढवली. तेव्हा कोणत्या जिल्हा परिषदेला विचारले होते? भावाचे भांडण दिल्लीशी आहे आणि ते वेगळ्या मैदानात लढायचे आहे. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळा आहेत, आरोग्य केंद्रे आहेत, गुरांचे दवाखाने आहेत, गावरस्ते आहेत, शंभर हेक्टरपर्यंतचे लहान तलाव आणि बंधारे आहेत. वैरणीची ज्वारी पेरणाऱ्याला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे की कुलूप आहे, याच्याशी मतलब आहे. शिकलेल्या पोराने सभेत उठून एवढेच विचारावे: साहेब, भावाचे राहू द्या, आमच्या सर्कलच्या दवाखान्याचे काय? हा प्रश्न विचारणारा पोरगा घोषणा देणाऱ्या शंभर पोरांना भारी आहे आणि त्याच्यावर गुन्हाही दाखल होत नाही.

विचारताना तो कोणत्या उमेदवाराच्या बाजूचा आहे, याची आम्हाला फिकीर नाही. आमच्याच पॅनेलसाठी या, असा आमचा आग्रह नाही. बापाचे पॅनेल एक आणि पोराचे दुसरे, असे झाले तरी चालेल. रात्री एका ताटात जेवता आले म्हणजे झाले.

जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन गावांत पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. गावाने बोली लावली, पैसा देवळाला जाणार, बिनविरोध होणार, सगळे खूश. चित्रफिती बाहेर आल्या आणि लिलाव मोडला. मोबाईल सगळ्या पोरांकडे आहे. त्यात भाऊचे रीलही बनते आणि लिलावाची नोंदही होते.

आणखी एक, अकरावी-बारावीच्या पोरांचे. अठरा पूर्ण नसलेल्याला प्रचाराच्या कामाला लावायचे नाही. केंद्रीय निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षांना तशी ताकीद दिली आहे, पत्रके वाटणे आणि घोषणा देणेही त्यात आले. स्थानिक निवडणुकीत आपण तो नियम आपणहून पाळू. या बैठकीपुढे जो ठराव आहे त्यात ते लिहिले आहे. आपल्या कोणत्याही उमेदवाराने पोरांना रोज द्यायचा नाही, दारू तर नाहीच, आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी कोणालाही कामाला बोलवायचे नाही, हेही लिहिले आहे. यावर खालून आवाज आला की समोरचा वाटतो आणि आपण नाही वाटले तर आपल्या मागे कोण फिरेल. कमी फिरतील. मागच्या वेळी आपण काही ठिकाणी वाटले होते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही पडलो. निदान या वेळी पैसे तरी वाचतील.

मतदान झाल्यावरचे तेवढे सांगतो आणि बसतो. ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यायची पद्धत आहे: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चारही दिवशी कॉलेजला सुटी असते. पोरं घरी असतात, झोपलेली असतात. गणपूर्तीला १५ टक्के किंवा शंभर मतदार लागतात, यातले जे कमी असेल ते. शंभर होत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि दुसऱ्यांदा गणपूर्तीची अटच राहात नाही. मग सात जण बसून ठराव करतात. अठरा पूर्ण झालेला आणि गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक पोरगा आणि पोरगी त्या सभेचा हक्काचा सभासद आहे. प्रचाराला मोटरसायकलवर वीस जण जमतात. त्या वीस जणांना २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर घरी न जाता तासभर थांबवणे, हे काम प्रत्येक गावशाखेने घ्यायचे आहे.

मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, गावागणिक एक. आपल्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची नावे, वर्ग, आणि यादीत नाव आहे की नाही, एवढे लिहून पुढच्या बैठकीला वही परत आणायची आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लाजू नये, पोरालाच लिहायला सांगावे. राळेगावकडची शेवटची एसटी साडेपाचला आहे, म्हणून ठराव आधी मताला टाकू आणि चहा नंतर घेऊ.